अम्मी-अब्बांना बसवून ठेवू नका : वाढत्या वयात अंगातली ताकद का जाते आणि ती कशी राखायची

जुम्याच्या नमाजेला नायगाव, नरसी, बिलोली, देगलूर, कुठल्याही मशिदीत गेलात तर सफेच्या कडेला मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिसतात. त्यावर बसून नमाज अदा करणारे आपलेच वडीलधारे असतात. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाच्या कमरेचे ऑपरेशन झालेले. पण त्यांच्यातल्या काही जणांना नीट विचारा. ते सांगतील, "दर्द इतका नाही, पण सजद्यातून उठताना मांड्यांत जोरच राहत नाही."

आपण म्हणतो, उम्र हो गई. आणि विषय तिथेच संपवतो.

घरातही तेच. दादी पाण्याची कळशी उचलायला गेल्या की सून धावते, "तुम बैठो अम्मी, मैं करती." अब्बा बाजाराला निघाले की मुलगा मोटारसायकल काढतो. यात प्रेम आहे, अदब आहे, खिदमत आहे. पण याच प्रेमापोटी आपण त्यांच्या अंगातली उरलीसुरली ताकद रोज थोडी थोडी कमी करत असतो, हे फार कमी घरांना माहीत आहे. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर.

नेमके होते काय?

आपल्या शरीरात हाडांना धरून जे मांस असते, ज्यामुळे आपण उठतो, चालतो, वजन उचलतो, त्याला स्नायू म्हणतात. साधारण तिशीपर्यंत हे स्नायू भरतात. त्यानंतर दर दहा वर्षांनी ते ३ ते ८ टक्क्यांनी कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग आणखी वाढतो. ही घट एका मर्यादेपलीकडे गेली की तिला वैद्यकशास्त्रात 'सार्कोपेनिया' म्हणतात. अमेरिकेतील संशोधक इर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली हा शब्द मांडला. त्याचा ग्रीक अर्थ सरळ आहे, मांसाची कमतरता. २०१६ पासून अमेरिकेत आजारांच्या यादीत त्याला स्वतःचा संकेतांकही मिळाला. म्हणजे 'उम्र हो गई' म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नाही. ती तपासता येते आणि तिच्यावर उपाय करता येतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. मांस जितके कमी होते, त्याहून जास्त वेगाने ताकद कमी होते. सत्तरी ओलांडलेल्या लोकांच्या अभ्यासात असे दिसले की स्नायूंचे वजन वर्षाला साधारण १ टक्क्याने घटते, पण पायांची ताकद वर्षाला जवळपास ३ टक्क्यांनी घटते. असे का होते?

स्नायूंमध्ये दोन प्रकारचे तंतू असतात. एक सावकाश पण बराच वेळ काम करणारे, म्हणजे चालणे, उभे राहणे यांसाठीचे. दुसरे झटक्याने जोर लावणारे, म्हणजे जमिनीवरून उठणे, बसची पायरी चढणे, ठेच लागली की स्वतःला सावरणे यांसाठीचे. वयाबरोबर हे दुसरे तंतू आधी सुकतात. शिवाय मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसाही काही प्रमाणात कमी होतात. नस गेली की तिच्या हाताखालचे तंतू बेवारस होतात. काहींना शेजारची नस सांभाळून घेते, बाकीचे मरतात. म्हणूनच दादाजी नरसीच्या फाट्यापर्यंत सावकाश चालत जातात, पण ओल्या मोरीत पाय घसरला की स्वतःला सावरू शकत नाहीत.

तिसरे कारण जेवणाशी जोडलेले आहे. तरुण शरीर थोड्याशा प्रथिनांपासूनही (प्रथिने म्हणजे प्रोटीन) मांस तयार करते. म्हाताऱ्या शरीराला तेवढ्यानेच भागत नाही, त्याला जास्त प्रथिने लागतात. आणि आपल्या घरात होते उलट. वय वाढले की ताटातली डाळ, अंडी, गोश्त कमी होते आणि चहा-टोस्ट वाढतो.

सडपातळ आहे म्हणून निश्चिंत राहू नका

"आमचे अब्बा तर आधीपासूनच सडपातळ, त्यांना कसला आजार?" असे पुष्कळ जण म्हणतात. यावर आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण जगभर गाजलेले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. दोघांची उंची आणि वजन यांचे प्रमाण, म्हणजे बीएमआय, अगदी सारखे होते, २२.३. बघणाऱ्याला दोघेही सडपातळ. पण तपासणी केली तेव्हा युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखे म्हणत होता, आतला हिशोब मात्र वेगळा होता. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवती माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यातून दिसले की आपल्याकडची बाळे जन्मतःच हलकी असतात, त्यांच्यात मांस कमी आणि त्या मानाने चरबी जास्त असते.

याचा आपल्याशी संबंध काय? आपण स्नायूंची शिल्लक घेऊन म्हातारपणात उतरतो आणि ती शिल्लक आपल्याकडे मुळातच कमी असते. त्यातून खर्च सुरू झाला की खाते लवकर रिकामे होते. आणि हा प्रश्न फक्त ताकदीचा नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त प्रमाणात स्नायूच शोषून घेतात. स्नायू कमी झाले की साखर रक्तातच फिरत राहते. ज्या घरात शुगरचा आजार आहे, त्या घराने हे वाक्य दोनदा वाचावे.

मुठीची पकड काय सांगते?

मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर एक मोठी पाहणी केली. ४५ वर्षांवरील आणि त्यांच्या जोडीदारांसह ७२ हजारांहून अधिक लोकांना भेटून त्यांच्या तब्येतीची माहिती घेतली. त्यात रक्तदाबाबरोबर हाताच्या मुठीची ताकदही यंत्राने मोजली गेली. मूठ कशासाठी? कारण मुठीची पकड ही पूर्ण शरीराच्या ताकदीची खूण असते.

भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की मुठीची ताकद जितकी कमी, तितका मृत्यूचा धोका जास्त. पकड ५ किलोने कमी असेल तर धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त आढळला. बरणीचे झाकण उघडत नाही, ओला टॉवेल पिळता येत नाही, ही तक्रार अम्मीने केली तर हसण्यावारी नेऊ नका.

दहा दिवसांचा बिछाना

२००७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. साठी ओलांडलेल्या अकरा निरोगी लोकांना दहा दिवस बिछान्यावर झोपवून ठेवले. खाणेपिणे व्यवस्थित, आजार कसलाच नाही. दहा दिवसांनी मोजले तर पायांतले जवळपास १ किलो मांस गेलेले होते आणि पायांची ताकदही लक्षणीय घटली होती. हे निरोगी माणसांचे. मग ताप, न्यूमोनिया किंवा ऑपरेशननंतर झोपून असलेल्या आपल्या वडिलांचे काय होत असेल?

आपल्याकडे आजारी माणसाला उठू न देणे हीच सेवा समजली जाते. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "आराम करो, हिलो मत." डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली असेल तर ती घ्यायलाच हवी. पण तसे सांगितले नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून त्यांना उठवून बसवा, हात धरून वुजूखान्यापर्यंत, अंगणापर्यंत चालवा. "कधीपासून चालवू?" हा प्रश्न डॉक्टरांना तुम्ही स्वतःहून विचारा.

घरच्या घरी तपासणी

यासाठी मशीन लागत नाही. एक खुर्ची, एक घड्याळ आणि शिवणाची टेप पुरे.

पहिली तपासणी : हात नसलेली घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर बांधायला सांगा. आता पाच वेळा पूर्ण उभे राहून बसायचे. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर पायांची ताकद कमी आहे, असे आशियाई तज्ज्ञांचा २०१९ चा निकष सांगतो. हातांचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल तर ती आणखी स्पष्ट सूचना समजा. करताना शेजारी कुणीतरी उभे राहावे.

दुसरी : पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजा. पुरुषांत ३४ सेंटीमीटरपेक्षा आणि बायकांत ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर पुढची तपासणी करून घ्यावी. पायाला सूज असेल तर हे माप चुकते, हे लक्षात ठेवा.

तिसरी : अंगणात सहा मीटर अंतर मोजून नेहमीच्या चालीने चालायला सांगा. सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंदावली आहे.

आणि चौथी तपासणी तर रोजच्या नमाजेतच होत असते. दिवसाच्या पाच फर्ज नमाजांत १७ रकअती असतात, म्हणजे ३४ सजदे. नमाजेच्या आत जमिनीवरून पूर्ण उभे राहण्याची वेळ बारा वेळा येते. नमाज ही इबादत आहे, ती कसरत म्हणून अदा केली जात नाही. पण मागच्या रमजानपर्यंत सहज उठणारे अब्बा आता जमिनीवर हात रोवून उठत असतील, तर घरच्यांनी ही गोष्ट नोंद करून ठेवावी. ज्यांना खरोखर जमत नाही, त्यांना बसून नमाजेची सवलत दीनने दिलेलीच आहे. त्यात कमीपणा काही नाही. इथे सांगायचे इतकेच की ज्यांचा इलाज होऊ शकतो, त्यांनी खुर्ची कायमची मानू नये.

नव्वदीतही ताकद परत येते

आता चांगली खबर. १९९० साली अमेरिकेत बोस्टनमधील डॉ. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील दहा अशक्त वृद्धांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय होते नव्वद. आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. दोघांची तर काठीच सुटली. चार वर्षांनी शंभर वृद्धांवर केलेल्या मोठ्या अभ्यासातही तोच निष्कर्ष निघाला. त्या अभ्यासात नुसते पौष्टिक पेय देऊन ताकद वाढली नाही, व्यायामाने वाढली.

"पण मी रोज चालतो ना!" चालणे उत्तमच आहे, हृदयाला आणि शुगरला त्याचा फायदा होतो. पण स्नायू वाढतात ते जोर लावल्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील लोकांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखी हालचाल करावी, आणि त्याशिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम व तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा.

"आयुष्यभर हमाली केली, शेतात राबलो, आता कसला व्यायाम?" हाही प्रश्न येतो. त्या कष्टाने शिल्लक नक्की जमली. पण काम सुटले की ती शिल्लकही उतरायला लागते. पाच-दहा वर्षे बाजेवर बसून काढली तर जुनी हमाली कामी येत नाही.

घरी करता येतील असे चार व्यायाम :

१. खुर्चीवरून उठणे-बसणे. सुरुवातीला हाताचा आधार घेऊन आठ वेळा. नंतर आधार सोडून दहा-बारा वेळा, मध्ये थांबून दोन-तीन फेऱ्या.

२. भिंत ढकलणे. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे भिंतीवर ठेवायचे, कोपरे वाकवून छाती भिंतीजवळ न्यायची आणि परत ढकलायचे.

३. टाचा उचलणे. दाराची चौकट धरून पंजांवर उभे राहायचे, मग सावकाश खाली. यामुळे पोटऱ्या आणि तोल दोन्ही सुधारतात.

४. वजन उचलणे. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे १ किलोचे डंबेल. पिशवीत दोन किलो ज्वारी भरली की झाले दोन किलोचे.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुटी. व्यायाम सोपा वाटू लागला की वजन किंवा संख्या थोडी वाढवायची. हे वाढवणेच महत्त्वाचे आहे. श्वास रोखून धरायचा नाही, मोजणी मोठ्याने केली की श्वास आपोआप चालू राहतो. छातीत दुखणे, बीपी आटोक्यात नसणे, नुकतेच ऑपरेशन झालेले असणे, अशा वेळी आधी डॉक्टरांना विचारावे.

घरातल्या बायकांबद्दल वेगळे सांगायला हवे. पाळी बंद झाल्यावर त्यांची हाडेही झपाट्याने ठिसूळ होतात. हाड ठिसूळ आणि स्नायू कमजोर, अशा अवस्थेत मोरीत पाय घसरला की खुब्याचे हाड मोडते आणि चालती-फिरती अम्मी कायमची बिछान्याला खिळते. वरचे चारही व्यायाम घराच्या आत, पडद्यात, कुणासमोर न जाता करता येतात. दिवसातून थोडा वेळ गच्चीवर किंवा अंगणात ऊनही घ्यावे. ड जीवनसत्त्व हाडांना आणि स्नायूंना दोघांनाही लागते.

ताटात काय हवे?

निरोगी ज्येष्ठांना दिवसाला दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे या विषयातले बहुतेक तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम.

आता आपल्या घरातला हिशोब करू. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी दोन भाकरी, पातळ वरण आणि भाजी, संध्याकाळी चहा, रात्री "भूक नाही" म्हणून एक भाकरी. हे सगळे मिळून ३० ग्रॅमच्या आसपास जाते. गरजेच्या निम्मेच.

आणि हे कुठे घडते? ज्या लातूरची तूरडाळ देशभर जाते, ज्या नांदेड-लातूरच्या शिवारात नजर जाईल तिथे सोयाबीन उभे असते, तिथे! सोयाबीनची पोती शेतातून थेट आडतीवर जातात आणि घरात किलोभरही ठेवले जात नाही. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमहून जास्त प्रथिने असतात. ते भाजून दहा किलो ज्वारी-गव्हात एक किलो दळून आणले तरी फरक पडतो. कच्चे मात्र खाऊ नये.

दोन अंडी दिली तर १२ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट डाळ, १४ ग्रॅम. दोन पेले दूध किंवा तेवढेच दही, १३ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, ७ ग्रॅम. तीन भाकरींचे १५ ग्रॅम. झाले ६१! यात गोश्त धरलेलेच नाही. ज्या दिवशी चिकन-मटण असेल त्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्यांना फक्त शोरबा वाढून बोट्या मुलांच्या ताटात टाकू नका. दात नसतील तर खिमा, अंड्याची भुर्जी, मऊ शिजवलेला दालचा. आपल्याकडची खिचडी-खिमा-खट्टा हा नाश्ता या बाबतीत चहा-टोस्टपेक्षा कितीतरी सरस आहे, फक्त तेल बेताचे ठेवावे. प्रथिने एकाच वेळी खाण्यापेक्षा तिन्ही जेवणांत वाटून खाल्लेली बरी.

रमजानमध्ये विशेष काळजी घ्यावी. इफ्तारीत खजूर, फळे, भजी आणि सरबत यांनी पोट भरते, आणि सहेरीत चहा-पाव. ज्येष्ठांसाठी इफ्तारीनंतरच्या जेवणात डाळ किंवा गोश्त आणि सहेरीत अंडे, दही, घट्ट डाळ हवीच. शुगरची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

एक इशारा. ज्यांच्या किडनीला त्रास आहे त्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. आणि "ताकद की दवा" म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या आणि गोळ्यांपासून दूर राहा. त्यात स्टेरॉइड असेल तर काही दिवस हुशारी वाटते, पण स्टेरॉइड दीर्घकाळ घेतले तर तेच स्नायू आणि हाडे खाऊन टाकते.

डॉक्टरकडे कधी जायचे?

सगळ्याच अशक्तपणाला वय जबाबदार नसते. काही महिन्यांत विनाकारण वजन उतरले तर शुगर, टीबी, थायरॉइड आणि कॅन्सर यांची तपासणी व्हायला हवी. वर्षभरात दोनदा पडणे झाले असेल, हातपाय सुन्न होत असतील तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवून घ्या, गरज पडली तर तिथून नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येते. आणि एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले तर तो अर्धांगवायूचा झटका असू शकतो. तिथे मालीश नाही, वाट पाहणे नाही, तडक हॉस्पिटल.

शेवटी पुन्हा घराकडे येऊ. उद्या अम्मी पीठ मळायला बसल्या, मिरच्या वाळत घालायला गच्चीवर निघाल्या, तर लगेच हातातले काम काढून घेऊ नका. सोबत जा, जिना उजेडाचा ठेवा, मोरीत फरशी कोरडी ठेवा, कठड्याला धरायला दांडा बसवा. पण काम त्यांना करू द्या. अब्बांना मशिदीपर्यंत गाडीवर सोडण्याऐवजी त्यांच्याबरोबर चालत जा. दहा मिनिटे जास्त लागतील. त्या दहा मिनिटांत त्यांच्या पायांना काम मिळेल आणि तुम्हाला त्यांची सोबत.

आणि तुमचे स्वतःचे वय तिशी-चाळिशीत असेल तर खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा तो व्यायाम आजच त्यांच्याबरोबर सुरू करा. तुमच्याही शिल्लकीची उतरण सुरू झालेली आहे.